गवतातला ताप : स्क्रब टायफस

पोळा होतो, जाम नदीच्या पात्रातील गोटमारीचा दिवस मागे पडतो आणि आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात पावसाळ्याचे शेवटचे पर्व सुरू होते. धुऱ्यांवर कमरेएवढे गवत माजलेले असते. कपाशीच्या वावरात निंदण चाललेले असते, आणि संत्र्याच्या बागांत आंबिया बहाराची फळे हळूहळू रंग धरू लागतात. घरोघरची माणसे, आणि शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी मुलेही, शेतात राबतात. गुरांसाठी गवताचे भारे कापून आणतात, दुपारी झाडाखाली बसून भाकरी खातात. दिवस मोठे रमणीय असतात. परंतु याच दिवसांत घरोघरी तापाचे रुग्णही दिसू लागतात.

या तापांपैकी हिवताप आपल्या परिचयाचा आहे. डेंग्यूचे नाव आता लहान मुलांनाही ठाऊक झाले आहे. विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, हाही जुना शत्रू होय. परंतु या सर्वांच्या गर्दीत आणखी एक ताप असा आहे, की ज्याचे नाव अजून आपल्या अनेक घरांत पोहोचलेले नाही. वेळेवर ओळखला तर काही रुपयांच्या गोळ्यांनी तो बरा होतो. न ओळखला तर मात्र दुसऱ्या आठवड्यात तो फुप्फुसांत शिरतो व धडधाकट माणसाचे प्राण घेतो. या तापाचे नाव ‘स्क्रब टायफस’. विद्यार्थी मित्रांनो, या लेखात आपण त्याचीच ओळख करून घेऊ.

‘स्क्रब’ म्हणजे खुरटी झुडपे व गवत यांनी भरलेली जमीन. ‘टायफस’ हा शब्द मूळच्या ग्रीक भाषेतील असून त्याचा अर्थ धूर किंवा धुके असा आहे. तापाच्या भरात रुग्णाची बुद्धी धुक्यात सापडल्यासारखी होते, म्हणून हे नाव पडले. नावात साम्य असले तरी टायफस आणि टायफॉइड हे दोन अगदी भिन्न रोग आहेत. टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून होतो, तर स्क्रब टायफस गवतातील एका अतिसूक्ष्म किड्याच्या चाव्यातून होतो.

हा किडा कोळ्यांच्या जातकुळीतला आहे. संत्र्याच्या पानांतील रस शोषणारा ‘लाल कोळी’ आपल्या बागाइतदारांना चांगलाच माहीत आहे. त्याचाच हा दूरचा नातलग. मात्र झाडावरच्या लाल कोळ्यापासून माणसाला हा रोग होत नाही, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. रोग पसरविणारा कोळी जमिनीत व गवताच्या मुळाशी राहतो. त्याच्या आयुष्यात अंडे, अळी, मधली अवस्था व प्रौढ अशा पायऱ्या असतात. यांपैकी केवळ अळीच प्राण्यांच्या अंगाला चिकटते, आणि तीही आयुष्यात साधारणपणे एकदाच. अळीची लांबी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी असल्याने ती डोळ्यांना सहसा दिसत नाही. ती गवताच्या टोकाशी चढून वाट पाहत बसते आणि उंदीर, घूस वा माणूस जवळून गेला की त्याच्या अंगावर जाते. मग कपडे घट्ट बसतात अशी किंवा मऊ कातडीची जागा शोधून तेथे ती तोंड रोवते. ती रक्त पीत नाही. आपल्या लाळेने कातडीच्या पेशी विरघळवून तो रस काही दिवस शोषीत राहते. चावा दुखत नाही, त्यामुळे माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

या लाळेतून जे जंतू माणसाच्या शरीरात उतरतात त्यांचे शास्त्रीय नाव ‘ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी’ असे आहे. हे जंतू कोळ्याच्या मादीकडून तिच्या अंड्यांत, म्हणजे पुढच्या पिढीत, आपोआप उतरतात. त्यामुळे एखाद्या शेताच्या कडेला किंवा नाल्याच्या काठी असे कोळी एकदा वसले, की ती जागा वर्षानुवर्षे रोगाचे ठाणे होऊन बसते. उंदरांच्या अंगावर या अळ्या पोसतात, म्हणून जेथे उंदीर फार तेथे कोळीही फार, असा सामान्य हिशेब आहे.

जंतूचे नाव जपानी आहे, आणि त्याला कारण आहे. ‘त्सुत्सुगा’ म्हणजे आजार किंवा अपाय, व ‘मुशी’ म्हणजे किडा. जपानच्या नीइगाता भागात नद्यांना पूर येऊन गेल्यावर काठच्या गवताळ जमिनीत काम करणाऱ्या शेतकऱ्यांना हा ताप येई आणि त्यांतील पुष्कळ जण दगावत. नदीकाठच्या त्या शेतकऱ्यांनी शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी रोगाचा संबंध किड्याशी जोडला होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जंगलातून आणि उंच गवतातून वाटचाल करणाऱ्या सैनिकांना या रोगाने हजारोंच्या संख्येने गाठले. तेव्हा त्यावर औषधच नव्हते. किडे चिकटू नयेत म्हणून सैनिकांच्या कपड्यांना रसायने चोळणे एवढाच उपाय हाती होता. १९४८ साली क्वालालंपूर येथे डॉ. जोसेफ स्मॅडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरॅम्फेनिकॉल हे नवे औषध या रुग्णांना देऊन पाहिले, आणि आजवर असाध्य मानलेला ताप एकदोन दिवसांत उतरू लागला. त्यानंतर आलेल्या टेट्रासायक्लिन गटातील औषधांनी उपचार अधिकच सुलभ केले.

औषध मिळाले, आणि रोग जणू विस्मृतीत गेला. परंतु तो नाहीसा झालेला नव्हता. गेल्या दोन-तीन दशकांत भारताच्या जवळजवळ सर्व भागांतून तो पुन्हा दिसू लागला आहे. हिमाचल प्रदेशात पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या दिवसांत दरवर्षी त्याचे रुग्ण सिमल्याच्या रुग्णालयात येतात. गोरखपूर भागात लहान मुलांना होणाऱ्या ज्या मेंदूज्वराने वर्षानुवर्षे आईबापांना रडविले, त्यातील मोठा वाटा याच जंतूचा असल्याचे अलीकडच्या संशोधनातून दिसून आले. भोपाळच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत मध्यप्रदेशातील रुग्णांची नोंद झाली आहे. आणि आपल्या अगदी शेजारी, नागपूर व विदर्भाच्या अन्य जिल्ह्यांत, २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात या रोगाचा उद्रेक होऊन कित्येक माणसे मृत्यू पावली. पांढुर्णा-सौंसरचा आजारी माणूस अधिक उपचारासाठी नागपूरलाच नेला जातो, आणि काटोल-नरखेडचे गवत व आपल्याकडचे गवत यांत राज्याच्या सीमेने काही फरक पडत नाही. म्हणून हा रोग आपलाही आहे, असे समजूनच चालले पाहिजे.

आता हा रोग शरीरात कसा वाढतो ते पाहू. चावा झाल्यापासून साधारणतः दहा-बारा दिवसांनी ताप सुरू होतो. तो थंडी वाजून येतो, चढाच राहतो. डोके अतिशय दुखते, अंग मोडून येते, डोळे लाल होतात, मळमळते, काखेत किंवा जांघेत गाठी येतात. कित्येकांना कोरडा खोकला लागतो. ही सर्व लक्षणे इतर तापांतही असतात, त्यामुळे येथवर कोणीही फसेल. परंतु पुष्कळ रुग्णांच्या अंगावर एक खूण असते. चाव्याच्या जागी प्रथम लहानशी पुळी येते, ती फुटते आणि तेथे काळी खपली धरते. भोवती लाल कडे असते. विडीचा चटका बसल्यासारखा हा डाग दिसतो. तो दुखत नाही, खाजत नाही आणि नेमका लपलेल्या जागी असतो : काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, छातीखाली, कानामागे, केसांत. म्हणूनच रुग्णाला तो ठाऊक नसतो आणि नीट शोधल्यावाचून डॉक्टरांनाही सापडत नाही. डाग सापडला तर निदान जवळजवळ झालेच. मात्र डाग नाही म्हणून रोग नाही, असे म्हणता येत नाही. कित्येकांच्या अंगावर तो उमटतच नाही.

पहिल्या आठवड्यात उपचार झाले नाहीत तर खरा धोका पुढे उभा राहतो, आणि तो समजण्यासाठी आपल्या फुप्फुसांची रचना आठवली पाहिजे. आपल्या दोन्ही फुप्फुसांत मिळून तीस कोटींहून अधिक वायुकोश आहेत. ते सर्व उलगडून पसरले तर एखाद्या प्रशस्त वर्गखोलीची जमीन झाकून जाईल. प्रत्येक वायुकोशाभोवती केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. एका बाजूस हवा, दुसऱ्या बाजूस रक्त, आणि मध्ये मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकाही जाड नसलेला पडदा. या पडद्यातून प्राणवायू रक्तात जातो व कर्बद्विवायू बाहेर पडतो. पडदा पातळ आणि कोरडा आहे तोवर हा व्यवहार सुरळीत चालतो.

स्क्रब टायफसचे जंतू नेमके रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरावर हल्ला करतात. ते त्या अस्तराच्या पेशींत शिरून वाढतात. त्यांच्याशी लढताना शरीरही दाह निर्माण करते, आणि या झटापटीत रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात. जुन्या मातीच्या माठातून पाणी पाझरावे तसा रक्तातील द्रव बाहेर येतो व वायुकोशांभोवती आणि पुढे त्यांच्या आतही साचतो. पडदा जाड होतो, ओला होतो. हवा आत आली तरी प्राणवायू रक्तापर्यंत पोहोचत नाही. माणूस कोरड्या जमिनीवर असूनही बुडत असल्यासारखा धापा टाकू लागतो. क्ष-किरण चित्रात दोन्ही फुप्फुसांवर पांढरे ढग दिसतात. वैद्यकात या अवस्थेला ‘तीव्र श्वसन-विकार लक्षणसमूह’ असे नाव आहे. इस्पितळात तिचा उल्लेख ‘ए.आर.डी.एस.’ या आद्याक्षरांनी होतो. ही अवस्था अन्य रोगांतही येते, परंतु या तापातील ती एक प्रमुख भीती होय. त्याच रीतीने मूत्रपिंडे, यकृत, हृदय व मेंदू यांतील बारीक वाहिन्याही बिघडतात, कारण असे जाळे शरीरात सर्वत्र आहे.

हे किती वेळा घडते? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात भारतातील रुग्णालयांतून नोंदलेल्या अठरा हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यांतील शंभरात सुमारे सहा रुग्ण दगावले होते. परंतु ज्यांचे एकाहून अधिक अवयव निकामी झाले, त्यांच्यापैकी मात्र शंभरात सुमारे ३९ जण मृत्यू पावले. शंभरात सहा आणि शंभरात एकोणचाळीस या दोन आकड्यांमधले अंतर पुष्कळदा केवळ चार-सहा दिवसांच्या विलंबाचे असते.

हा विलंब का होतो, हेही समजून घेतले पाहिजे. समजा, एका घरातील काकू बागेत तण काढून आल्या आणि दहा-बारा दिवसांनी त्यांना ताप भरला. पहिले दोन दिवस घरचा काढा झाला. मग दुकानातून तापाची गोळी आणली. घाम आला, ताप उतरला, पुन्हा चढला. चौथ्या दिवशी एक इंजेक्शन झाले. हिवतापाची तपासणी केली, ती निर्दोष निघाली, डेंग्यूचीही निघाली. ‘आता काही नाही,’ म्हणून सर्वांना हायसे वाटले. आठव्या दिवशी खोकला वाढला. छातीचा फोटो पाहून न्यूमोनिया असावा असे वाटले आणि न्यूमोनियाची जोरदार औषधे सुरू झाली. दहाव्या दिवशी काकूंना दोन पावले चालताना धाप लागली, आणि मग गाडी करून नागपूरची वाट धरली. या गोष्टीत वाईट वागलेला कोणीच नाही. प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे केले, तरी दहा दिवस निघून गेले.

येथे एक महत्त्वाची शास्त्रीय गोष्ट आहे. पेनिसिलिन व त्याच्या गटातील, तसेच सेफॅलोस्पोरिन गटातील औषधे जंतूच्या बाह्य भिंतीवर घाव घालतात. न्यूमोनियाच्या नेहमीच्या जंतूंवर ती गुणकारी आहेत. परंतु स्क्रब टायफसचा जंतू आपल्या पेशींच्या आत दडून राहतो व त्याची भिंतही निराळ्या घडणीची, अगदी नाममात्र असते. म्हणून ती औषधे कितीही महाग असली तरी येथे निष्फळ ठरतात. उलट डॉक्सिसायक्लिन हे जुने व स्वस्त औषध पेशीच्या आत शिरते आणि जंतूची प्रथिने बनविण्याची क्रियाच थांबविते. वेळेवर दिले तर बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. गर्भवती स्त्रियांसाठी अझिथ्रोमायसिन वापरतात. कोणते औषध, किती व किती दिवस, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावयाचे आहे. आपण दुकानातून आणून घेण्याचे ते औषध नव्हे.

गंभीर रुग्णांसाठी काय उत्तम, याचाही शोध आपल्याच देशात लागला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने भारतातील अनेक रुग्णालयांत सुमारे आठशे गंभीर रुग्णांवर अभ्यास करण्यात आला, व त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. या रुग्णांपैकी शंभरात ६२ जणांना श्वसनाचा त्रास होता. सर्व गुंतागुंतींत फुप्फुसांचाच क्रमांक पहिला होता. डॉक्सिसायक्लिन व अझिथ्रोमायसिन ही दोन्ही औषधे शिरेतून एकत्र दिली असता, कोणतेही एकच औषध देण्यापेक्षा अधिक रुग्ण लवकर सुधारले. मृत्यू, न हटणारा ताप किंवा सातव्या दिवशीही टिकून राहिलेली गुंतागुंत यांपैकी काहीतरी घडल्याचे प्रमाण एकच औषध घेणाऱ्यांत शंभरात ४७-४८ होते, ते ३३ वर आले. तथापि अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण सर्व गटांत सारखेच राहिले. फुप्फुसे भरून गेल्यावर उत्तम औषधांनाही मर्यादा पडते, हा या अभ्यासातून आपण घ्यावयाचा बोध होय. प्राण वाचविण्याची मोठी संधी रुग्णालयातील यंत्रांच्या आधी, घराच्या उंबरठ्यावरच असते.

मग आपण काय करावे? रोगाची लस अद्याप उपलब्ध नाही, म्हणून सावधगिरी हीच लस समजावी. गवतात वा बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा व पायघोळ वस्त्र घालावे, पायांत बूट-मोजे असावेत. उघड्या गवतावर बसू वा निजू नये. बसावयाचे झाल्यास तरट किंवा सतरंजी अंथरावी. धुतलेले कपडे गवतावर किंवा झुडपांवर वाळत घालू नयेत. शेतातून आल्यावर लगेच साबण लावून, अंग चोळून स्नान करावे आणि अंगावरचे कपडे गरम पाण्यात धुवावेत. अळी कातडीत तोंड रोवण्यापूर्वी ती अशाने निघून जाते. घराभोवतीचे गवत व झुडपे काढून टाकावीत आणि उंदरांचा बंदोबस्त करावा. शाळेचे मैदान स्वच्छ ठेवणे हेही याच कामात मोडते.

आणि तरीही ताप आलाच, तर दिवस मोजावेत. ताप तीन-चार दिवसांहून अधिक टिकला तर थांबू नये. डॉक्टरांकडे गेल्यावर केवळ ‘ताप आहे’ एवढे न सांगता, ‘मागच्या पंधरवड्यात शेतात काम केले होते, गवत कापले होते,’ हेही सांगावे. अंगावर काळी खपली आहे का ते घरच्या माणसांनी आधीच पाहून ठेवावे. रक्ताच्या तपासणीने या रोगाचे निदान होते. परंतु तपासणीचे उत्तर येण्याची वाट न पाहता संशयावरूनही डॉक्टर औषध सुरू करू शकतात. श्वासाचा वेग वाढणे, बोलताना धाप लागणे, ओठ निळसर होणे, लघवी कमी होणे, बडबड किंवा गुंगी येणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये; रुग्णाला त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्यावे. बोटाला लावावयाच्या यंत्रावर प्राणवायूचे प्रमाण ९४ च्या खाली दिसले तर तोही धोक्याचाच इशारा होय.

आणखी एक गोष्ट विसरू नये. हा रोग एका माणसापासून दुसऱ्यास होत नाही. म्हणून रुग्णाला वाळीत टाकण्याचे, त्याचे ताट-वाटी वेगळे करण्याचे काहीच कारण नाही. त्याची शुश्रूषा निर्भयपणे करावी.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरातील वडील माणसांना शेतीचे, बागेचे, हवामानाचे जे ज्ञान आहे ते आपल्याला पुस्तकांतून मिळणार नाही. परंतु या एका रोगाविषयी आज आपण जे वाचले ते कदाचित त्यांना ठाऊक नसेल. तेव्हा आज घरी गेल्यावर हा लेख आजी-आजोबांना मोठ्याने वाचून दाखवा. आणि पुढच्या पावसाळ्यात घरात कोणी तापाने निजले, तर ‘ताप येऊन किती दिवस झाले? मागे गवतात कोण गेले होते? अंगावर कोठे काळा डाग आहे का?’ हे तीन प्रश्न विचारण्यास संकोच करू नका.